अबू राशिदची विहीर

शुक्रवार, ९ ऑक्टोबर २०२०

ही डायरी कंपनीची. सतरा वर्षं नोकरी केल्यावर निरोपाला ह्यांना एक भिंतीवरचं घड्याळ, एक पेन आणि ही डायरी मिळाली. घड्याळ मी दोह्यात, मदिनत खलीफाच्या घरातच सोडून आले. पेन चालत नाही. डायरी मात्र कोरी होती आणि इथे बोलायला कुणी नाही, म्हणून आजपासून लिहिणार. एरवी मी मनातलं तोंडावर बोलून टाकणारी बाई.

हे वेस्ट बेमधल्या एका कंपनीत पाइपलाइन इंजिनियर होते. जुलैत कोविडच्या नावाखाली चाळीस जणांना घरी बसवलं, त्यात हे. वय एक्कावन्न. बाकीच्यांनी सामान बांधलं आणि पुण्या-नाशिकला गेले. मीही बांधायला घेतलं होतं. तेवढ्यात ह्यांनी जाहीर केलं की आपण शेती करायची. इथेच, कतारमध्ये. मला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला.

जमीन अबू राशिद नावाच्या म्हाताऱ्या कतरी गृहस्थांची. खोर गाव मागे टाकून शमालच्या, म्हणजे उत्तरेच्या, रस्त्याने बरंच पुढे गेलं की डावीकडे. त्यांच्या वडिलांनी केलेली शेती, अकरा वर्षांपासून ओसाड. कधीतरी पाइपलाइनच्या कामात ही जमीन मध्ये आली होती, तेव्हापासून ह्यांची ओळख. म्हातारबाबा म्हणाले, करून बघ. आमचा व्हिसाही आता त्यांच्या नावावर झालाय. दोन खोल्यांचं घर आहे, एसी आहे, न्हाणीघराला पत्रा आहे. बाहेर वाळलेल्या खजुरांची रांग आणि त्यापलीकडे काहीही नाही.

"दोन वर्षांनी वर्ल्ड कप आहे," हे म्हणाले. "जगभरातून माणसं येणार. त्यांच्या ताटात इथल्या मातीतला टोमॅटो पाहिजे."

"आणि सरळ नाशिकला गेलो तर?"

"तर मी सोसायटीचा सेक्रेटरी होईन आणि पाण्याच्या टाकीवरून लोकांशी भांडेन."

मी अर्धं बांधलेलं सामान घेऊन इकडे आले. आर्याला फोन केला. ती पुण्याला माझ्या बहिणीकडे राहून शिकते. जन्म दोह्यातला, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून. म्हणाली, "आई, आर यू गाइज सीरियस?" मी म्हटलं, बाबांना विचार.


शनिवार, १७ ऑक्टोबर

आज ह्यांनी माती खाल्ली.

खरोखर. चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले, थुंकली. मग दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा. ह्यांचे वडील निफाडला द्राक्षबागेत असंच करायचे म्हणे. कुठे खार आहे, कुठे नाही, ते जीभ सांगते. खारेपणा मोजायचं यंत्र आणलंय, ते खिशात असतं. आधी जीभ, मग यंत्र, आणि दोन्ही जुळलं की हे शाळकरी पोरासारखे हसतात.

विहिरीचं पाणीही तसंच. रोज सकाळी पंप सुरू झाला की पहिली ओंजळ ह्यांची. पाणी थोडं मचूळ आहे, पण चालेल म्हणतात. मी ते तोंडात घेत नाही. मला बाटलीचंच पाणी लागतं, वक्रा गावाहून टेम्पो येतो त्याचं.

जहूर हसत होता. हा मुलतानचा, माझ्याच वयाचा असेल. शेती सुकल्यापासून अबू राशिदच्या बकऱ्या सांभाळत अकरा वर्षं एकटा राहिलाय इथे. मला बाजी म्हणतो, म्हणजे ताई, आणि अबू राशिदना अरबाब, म्हणजे मालक. "बाजी, मैं तो ग्यारह साल से यही पानी पीता हूँ. साहब मुझसे पूछ लेते."


रविवार, ६ डिसेंबर

ह्यांची कंबर धरली. धरणारच. आयुष्यभर खुर्चीत बसलेला माणूस दोन महिने वाफे खणतोय, ठिबकच्या नळ्या ओढतोय, शेडनेटचे खांब उभे करतोय. "सतरा वर्षं दुसऱ्यांच्या पाइपातून तेल नेलं, आता माझ्या पाइपातून पाणी नेतोय," असं म्हणत होते आणि बोलता बोलता खालीच बसले.

मी माझा डबा काढला. दोह्याच्या मराठी मंडळातल्या बायका मला डॉक्टरीण म्हणतात, त्या उगीच नाही. दर सुट्टीत नाशिकहून येताना अर्धी बॅग औषधांची असते. मामेभाऊ कौशिकचं पंचवटीत औषधाचं दुकान आहे, तो चिठ्ठीबिठ्ठी मागत नाही. प्रत्येक पाकिटावर माझ्या अक्षरात लिहिलेलं असतं: ताप. पोट. दाढ. कंबर. दोह्यात एवढ्यातेवढ्यासाठी दवाखान्यात तीन तास कोण बसणार? मदिनत खलीफात निम्म्या इमारतीची दुखणी मी बरी केली आहेत.

कंबरेची एक सकाळी, एक संध्याकाळी, सोबत पित्ताची. दुपारपर्यंत हे उठून पुन्हा शेतात. जहूरलाही देत होते, त्याचा गुडघा दुखतो. तो नको म्हणाला. मोहरीचं तेल चोळतो. मी म्हटलं, बस चोळत.


शुक्रवार, २६ फेब्रुवारी २०२१

टोमॅटो. काकडी. मेथी, पालक, आणि एका कोपऱ्यात माझ्यासाठी कोथिंबीर. उम्म सलालच्या बाजारात गाडी नेली आणि अकरा वाजेपर्यंत सगळं संपलं. एका कतरी बाईने काकडी तिथेच मोडून खाल्ली आणि आणखी दोन पेट्या घेतल्या.

दुपारी अबू राशिद आले. ऐंशीच्या घरातले आहेत, काठी टेकत येतात. तरुणपणी मुंबईला व्यापारासाठी जायचे, त्यामुळे हिंदी बोलतात. शेताच्या कडेला उभे राहिले आणि रडायला लागले. सरळ, लपवाछपवी न करता. म्हणाले, वडील गेल्यानंतर इथे हिरवं पहिल्यांदा बघतोय. मला ‘उम्म आर्या’ म्हणाले, म्हणजे आर्याची आई. इतक्या वर्षांत या देशात मला कुणी माझ्या मुलीच्या नावाने हाक मारली नव्हती. मीही रडले. हे मात्र पंपाकडे काहीतरी बिघडलंय असं सांगून निघून गेले.

आज पहिल्यांदा वाटलं, आलो ते बरं केलं.


रविवार, २० जून

पारा सत्तेचाळीस. सकाळी दहा ते साडेतीन बाहेर काम करायला बंदी आहे, सरकारचा नियम. हे जहूरला घरात बसवतात आणि स्वतः शेडनेटखाली जातात. "मी मजूर थोडाच आहे, मी मालक आहे," असा वर युक्तिवाद. घामाने शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. मी मीठ-साखर-पाणी करून ठेवते, मठ्ठा करते. गोळ्या आता तीन, दुपारची वाढवली. एक दिवस विसरले तर संध्याकाळी काटकोनात वाकून चालतात.

पाय सुजलेत. मी म्हटलं, दिवसभर उभं राहिल्यावर काय होणार. रात्री उशीवर पाय ठेवायला लावते.


मंगळवार, १४ सप्टेंबर

आमचं भांडण झालं. पंधरा दिवस झाले, जेवत नाहीत. भाकरी पुढे ठेवली की तोंड फिरवतात. मी वांग्याचं भरीत केलं, ह्यांच्या आवडीचं, तेही दोन घास. मी विचारलं, माझं काही चुकलंय का? मी मागे नाशिकचं बोलले त्याचा राग आहे का? नाही म्हणाले. मळमळतं म्हणाले. उन्हाळ्यात सगळ्यांनाच मळमळतं.

मग खरं सांगितलं. पाणी बिघडलंय. सकाळच्या ओंजळीला लोखंडाची चव येते. आधी नव्हती, दोन महिन्यांत आली. ह्यांचा चेहरा असा झाला होता की मला भांडण विसरायला झालं. विहीर गेली तर सगळंच गेलं.

पाण्याचा नमुना दोह्याला तपासायला दिलाय.


गुरुवार, २३ सप्टेंबर

रिपोर्ट आला. पाणी गेल्या वर्षी होतं तसंच आहे. लोखंड नाही, काही नाही.

हे रिपोर्ट मानायला तयार नाहीत. "माझी जीभ खोटं सांगणार नाही." जहूरला प्यायला लावलं. त्याने दोन घोट घेतले, म्हणाला, "वैसा ही है, साहब." तर त्याच्यावरही चिडले. माझा विश्वास कागदापेक्षा ह्यांच्या जिभेवर आहे. मला तर ती विहीर पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही.


शुक्रवार, २१ जानेवारी २०२२

पीक इतकं आलंय की ठेवायला पेट्या नाहीत. वेस्ट बेमधल्या एका हॉटेलचा मुख्य स्वयंपाकी स्वतः गाडी घेऊन आला, केरळचा आहे. नोव्हेंबरात पाहुणे येतील तेव्हा रोज टोमॅटो आणि हिरवी मिरची पाहिजे म्हणाला. हे तेव्हापासून हवेत आहेत. ऑगस्टात रोपं, सप्टेंबरात लावणी, नोव्हेंबराच्या मध्याला पहिला तोडा, सगळं कागदावर मांडून भिंतीला चिकटवलंय.

हवेत असले तरी दिसतात वाईट. रंग मातीसारखा झालाय. अंग खाजवतात. थोडं चाललं की दम लागतो. मी अबू राशिदना विहिरीच्या चवीचं सांगून टाकलं, रिपोर्टचं नाही. म्हातारबाबांनी मान विहिरीकडे वळवली. म्हणाले, वडिलांच्या वेळी ही विहीर गोड होती.

संध्याकाळी आर्याने व्हिडिओवर बघितलं. "आई, बाबा लुक्स ग्रे. प्लीज, जस्ट वन ब्लड टेस्ट." मी म्हटलं, उन्हात काळवंडलेत. डॉक्टर काय सांगणार, विश्रांती घ्या. ते मीही सांगू शकते, फुकट. तिने फोन ठेवला. तिथे बसून डॉक्टरकी करायला काय जातंय.


शनिवार, २ जुलै

काल नाशिकहून परत आले. तीन आठवडे राहिले. मुख्य काम डबा भरायचं होतं. जाताना संपत आलाच होता, माझ्यामागे ह्यांना जेमतेम दोन दिवस पुरला असेल. कौशिककडून कंबरेची चाळीस पाकिटं घेतली. त्याने मान वर करून विचारलं, "ताई, एवढी? कोण खातंय?" मी म्हटलं, अरे शेतकऱ्याची बायको आहे मी. तो म्हणाला, "रोज नको देत जाऊस हं." पण दिली. तो लहानपणापासून घाबरट आहे.

आले तर हे दारात उभे. चक्क पोळी खात होते, जहूरने केलेली जाड रोटी. पाय कमी सुजलेले. जहूर म्हणाला, "बाजी, पिछले हफ्ते साहब ने दो दफा खाना माँगा."

"गोळ्या संपल्या आणि कंबर मोडली, दोन दिवस आडवा होतो," हे म्हणाले. "पण भूक लागत होती. गंमत आहे."

"मी नसले की बरं वाटतं का हो तुम्हाला," मी म्हटलं. दोघं हसलो. दुसरी गोष्ट म्हणजे मी नसताना हे बाटलीचं पाणी पीत होते, कारण माझा साठा पडून होता. म्हणजे पाण्याचंच ते. मी आजपासून विहिरीची ओंजळ बंद केली. चाखायची असेल तर थुंकायची.

आल्याबरोबर गोळ्या सुरू केल्या. लावणीच्या आधी कंबर उभी राहायला हवी.


रविवार, १८ सप्टेंबर

लावणी झाली. एकवीस रांगा. शेवटच्या दोन रांगा मी आणि जहूरने लावल्या, कारण हे बांधावर बसूनच होते. बसल्या बसल्या सांगत होते, खड्डा उथळ झाला, रोप वाकडं बसलं. बोलताना झोप लागत होती. उचकी थांबत नाही. मी साखर दिली, लिंबू दिलं, ओवा दिला.

विहिरीची ओंजळ बंद करून अडीच महिने झाले. तरी चव जात नाही म्हणतात. आता बाटलीच्या पाण्यालाही येते. मी म्हटलं, इतकी वर्षं प्यायलात, अंगात भिनलीय.

मला भीती वाटते. कशाची ते कळत नाही. हे लिहिल्यावर डोकं हलकं होईल असं वाटलं होतं, तसं होत नाही.


मंगळवार, ४ ऑक्टोबर

काल सकाळी हे शेडनेटमध्ये पडले. जहूरने खांद्यावर घालून आणलं. अ‍ॅम्ब्युलन्स अर्ध्या तासात आली. खोरच्या हॉस्पिटलात आहेत, अतिदक्षता विभागात. दोन्ही किडन्या काम करत नाहीत. रक्त धुवायचं मशीन लावलंय.

डॉक्टरीण मल्याळी आहे, आर्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. घरी काय औषधं चालू होती विचारलं. मी जहूरला फोन करून डबा मागवला. मला वाटलं होतं, ती म्हणेल किती नीट ठेवलंय.

तिने एक पाकीट उचललं. "ये क्या लिखा है?"

"कंबर. कमर के लिए."

"रोज?"

"रोज दो. गर्मी में तीन."

"कब से?"

मी सांगितलं. दोन हजार वीसचा डिसेंबर. तिने पाकीट डब्यात परत ठेवलं, झाकण लावलं, आणि झाकणावरचा हात काढला नाही. म्हणाली, ही गोळी चार दिवस घ्यायची असते. इतक्या उन्हात, इतका घाम जाताना, रोज घेतली की किडन्या संपतात. मी पाण्याचं सांगितलं, चवीचं सांगितलं. ती म्हणाली, चव पाण्याला नव्हती. किडन्या जायला लागल्या की तोंडालाच लोखंडाची चव येते, अन्न नकोसं होतं, अंग खाजतं. तेव्हा जरी गोळी बंद केली असती आणि रक्त तपासलं असतं. मग वाक्य अर्धंच सोडलं. चांगली मुलगी आहे.

मी तिला विचारलं, मी नाशिकला असताना जूनमध्ये ह्यांना भूक का लागली होती. उत्तर मला माहीत होतं.


गुरुवार, ६ ऑक्टोबर

काल दसरा होता. दुपारी हे अर्धा तास नीट शुद्धीवर होते. मला म्हणाले, "अबू राशिदला सांग, विहीर बिघडली. नवी घ्यायला सांग. रोपं मरता कामा नयेत."

मी मान हलवली.

मग म्हणाले, "शैला, तुझी गोळी नसती तर मी पहिल्याच वर्षी आडवा झालो असतो."

मी त्यांचा हात धरून बसले होते. तेव्हा सांगायला हवं होतं. ते रागावले असते का? मला वाटतं नसते रागावले. शर्टाला हात पुसत म्हणाले असते, असू दे. म्हणूनच मला सांगवलं नाही.


शनिवार, ८ ऑक्टोबर

हे काल पहाटे गेले. हृदय बंद पडलं.

आर्याला मी फोन केला. ती बराच वेळ नुसती रडली. मग विचारलं, "बट हाऊ, आई? व्हॉट हॅपन्ड टू हिज किडनीज?"

मी म्हटलं, "पाणी. विहिरीचं पाणी."

ठरवून नाही म्हटलं. तोंडातून आलं. ती म्हणाली, "आय न्यू इट. आय न्यू दॅट ओल्ड मॅन्स लँड वॉज पॉयझन." मी थांबवायला तोंड उघडलं आणि मग फोन दुसऱ्या कानाला लावला.

इथे आपल्या पद्धतीने अग्नी देता येत नाही. कागदपत्रं झाली की विमानाने नाशिकला न्यायचं. त्या मल्याळी मुलीने सह्यांची सगळी कामं धावून केली. डबा तिने मला परत दिला नाही आणि मी मागितला नाही.


बुधवार, १६ नोव्हेंबर

नाशिकला सगळं झालं. सगळ्यांना मी पाणीच सांगितलं. कौशिक तेराव्याला आला होता, भिंतीजवळ बसला होता. त्याने मला एकदाही काही विचारलं नाही आणि जेवलाही नाही. जाताना पायात चपला घालायला त्याला फार वेळ लागला.

मी सामान हलवायला आणि व्हिसा रद्द करायला परत आलेय. विमानात सगळे फुटबॉलवाले, टोप्या घातलेले, गाणी म्हणणारे. शेजारच्या मुलाने विचारलं, "आँटी, मॅच बघायला?" मी हो म्हटलं.

शेतावर पोहोचले तर सगळं हिरवं. जहूरने एकट्याने सांभाळलंय. एकवीसच्या एकवीस रांगा, खाली लाल घोस. ह्यांच्या कागदावर पहिला तोडा पंधरा नोव्हेंबर लिहिलाय. कालची तारीख. जहूर म्हणाला, "बाजी, आपके बगैर नहीं तोड़ा."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.


शुक्रवार, १८ नोव्हेंबर

अबू राशिद आले. आर्याने त्यांच्या नातवाला लांबलचक ईमेल पाठवली होती, त्याने वाचून दाखवली. तिने लिहिलंय की तुमच्या विहिरीने माझ्या वडिलांना मारलं आणि तुम्हाला महिनोन्‌महिने माहीत होतं. माहीत होतं, कारण मीच त्यांना चवीचं सांगितलं होतं.

मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. "बेटी ने ठीक लिखा. तुमने बोला था, मैंने नहीं सुना. मेरा पानी, मेरा गुनाह." मग काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले. आपल्या पद्धतीने. हे त्यांना कुणी शिकवलं कुणास ठाऊक, मुंबईत बघितलं असेल.

मी म्हणू शकले असते. ते हिंदी समजतात, जहूर दारात उभा होता, आणखी कुणी नव्हतं. चार शब्दांचं काम होतं. माझ्या तोंडून निघालं, "मत रोइए."

ते म्हणाले, रविवारी माणसं येतील. विहीर सिमेंटने बुजवायची. ज्या पाण्याने पाहुणा मेला ते पाणी वर काढायचं नाही. शेती खलास.

ते गेल्यावर जहूर आत आला. आजवर उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. "बाजी, मैं तेरह साल से पी रहा हूँ. बकरियाँ पी रही हैं. मुझे कुछ हुआ?"

"नहीं."

"फिर आप बोलो ना अरबाब को. आपकी बात मानेंगे. साहब ने दो साल लगाए इस खेत में." मग दाराकडे वळला. "और मैं इस उमर में कहाँ जाऊँगा."

मी म्हटलं, बघते.

आता लिहायला बसले तर सरळ दिसतंय. मी खरं सांगितलं तर विहीर राहते, शेत राहतं, जहूर राहतो, म्हातारबाबा सुखाने डोळे मिटतात. एवढं सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आर्या. ती मग मला आई म्हणेल, पण कशी म्हणेल? उद्या तिला फोन करते. आधी तिला, मग अबू राशिदना.


शनिवार, १९ नोव्हेंबर

फोन केला. तीच बोलत होती. बाबांवर काहीतरी लिहितेय म्हणाली, त्यांच्या शेतावर, त्या पाण्यावर. वाचून दाखवलं. छान लिहिलंय, मी त्यात फार चांगली आहे. एका ठिकाणी लिहिलंय की आई रात्रंदिवस त्यांची सेवा करत होती.

मी म्हटलं, जेवलीस का.


रविवार, २० नोव्हेंबर

आज खोरच्या स्टेडियमवर पहिली मॅच. सकाळपासून रस्त्यावर गाड्यांची रांग, डोक्यावर हेलिकॉप्टर.

माणसं नऊ वाजता आली. आधी पंप काढला, मग पाइप ओढून काढले, ह्यांनी जोडलेले. जहूर एका बाजूला उभा होता, नजर माझ्यावर. सिमेंटची गाडी मागे घेऊन लावली. अबू राशिद गाडीतून उतरले, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुम्हारी इजाज़त चाहिए, उम्म आर्या. आदमी तुम्हारा गया. बंद कर दें?"

त्यांनी विचारलं. मला वाटलं होतं, न विचारता करतील.

मी म्हटलं, "हाँ. कर दीजिए."

पंधरा-वीस मिनिटं लागली. वर फरशी घातली, कडा लिंपल्या. त्यातल्या एका माणसाने टोमॅटो तोडून घेऊ का विचारलं. मी म्हटलं, घ्या, सगळे घ्या. दोन दिवसांत सुकायचेच आहेत. जहूरने पंपाची वायर नीट गुंडाळून माझ्या पायाशी ठेवली आणि बकऱ्यांकडे निघून गेला. बाजी म्हणाला नाही.

आर्याला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "गुड. नो वन एल्स शुड हॅव टु ड्रिंक दॅट."

मी अंगठ्याची खूण पाठवली.